रक्ताचा कागद कसा वाचावा?



गेल्या हंगामात राजूरजवळच्या वाडीतली एक ताई रक्त तपासणीचा कागद घेऊन माझ्याकडे आली. ती नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायला गेली होती. शेजारच्या वावरात फवारणी चालू होती. तिला मळमळ, दरदरून घाम आणि डोळ्यांना सारखं पाणी. कागदावर मात्र ‘नॉर्मल’. “दादा, सगळं नॉर्मल हाय, मग हात का थरथरत्यात?” तिला नीट उत्तर देता यावं म्हणून मला हा विषय शिकावा लागला.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अकोल्यातून मजुरीला जाणारे आपले ठाकर, महादेव कोळी बांधव अशाच औषधांच्या वासात राबतात. म्हणून हे समजून घेऊ.

मोनोक्रोटोफॉससारखी औषधे शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या घटकाला निकामी करतात. मग नसांचा संदेश थांबत नाही; लाळ, घाम, थरथर सुरू होते. हा घटक रक्तात मोजता येतो. पण तो मुळातच प्रत्येकात कमी-जास्त असतो, म्हणून प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ची पट्टी रुंद असते. ताईचा आकडा एक तृतीयांशाने घसरूनही त्याच पट्टीत राहू शकतो. खरी तुलना तिच्याच हंगामापूर्वीच्या आकड्याशी हवी, आणि तोच आकडा आपल्याकडे नव्हता.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 1974 पासून फवारणी कामगारांची अशी आधी-नंतर तपासणी होते. आकडा मूळच्या 80 टक्क्यांवर आला की कामाची पद्धत तपासतात. तांबड्या पेशींतला 70 किंवा रक्तद्रवातला 60 टक्क्यांवर आला, तर माणसाला त्या कामावरून काढून दुसरीकडे ठेवतात.

आता अनेकांचे आकडे एकत्र मांडताना काय जपायचे? समजा, पाच बायांच्या तांबड्या पेशींतली घट अनुक्रमे 5, 5, 10, 10 आणि 50 टक्के आहे. सरासरी निघते 16. अहवालात एवढेच लिहिले तर सारे ठीक दिसेल, आणि पाचवी बाई उद्या पुन्हा वावरात जाईल. म्हणून सरासरीबरोबर मधला आकडा, सर्वांत मोठी घट आणि धोक्याची रेषा ओलांडलेल्यांची संख्या लिहिलीच पाहिजे.

आकडे निवडतानाही भान हवे. शिबिराला चालत येतात ते बहुधा धडधाकट असतात. जी अंथरुणावर आहे, ती यादीतून सुटते. वेळही महत्त्वाची. या औषधांचे अंश लघवीतून काही दिवसांतच निघून जातात; मजूर पंधरा दिवसांनी घरी आल्यावर तपासले तर हाती काही लागत नाही. याउलट डीडीटी चरबीत वर्षानुवर्षे राहते. शिवाय पायरेथ्रॉइड औषधे कोलिनेस्टरेजच्या तपासणीत दिसतच नाहीत. म्हणून कोणते औषध, कधी फवारले आणि नमुना कधी घेतला, हे आकड्याशेजारी नसेल तर तो आकडा बाजूला ठेवावा.

शेवटची गोष्ट मला त्या ताईनेच शिकवली. “माझं नाव कुठं लिवू नका, मुकादम पुढल्या साली नेणार न्हाई.” अहवालात नाव नको, छोट्या वाडीचेही नको, पण प्रत्येकीला तिचा स्वतःचा आकडा तिच्या बोलीत समजावून सांगायलाच हवा.

आपल्यापैकी कुणी परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ असेल, तर मजूर वाडी सोडण्याआधीचा एक दिवस आम्हाला द्या. हंगामापूर्वीचा तो एक आकडा हातात असला, तर पुढच्या वेळी ताईला ‘नॉर्मल’ या एका शब्दावर परत पाठवावे लागणार नाही.