हाक कानापर्यंत पोहोचते, तरी ऐकू का येत नाही?

सिडकोतले एखादे घर. रात्रीचे नऊ वाजलेले, ताटे वाढलेली. आई तीनदा हाक मारते. मोबाइलवर गेम खेळणारा मुलगा मानही वर करत नाही. ‘मुद्दाम करतो,’ म्हणून वडील चिडतात. मेंदूविज्ञान मात्र सांगते, की पुष्कळदा ती हाक त्याला खरोखरच ऐकू आलेली नसते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१५ मध्ये हे मेंदूत तपासले. त्यांनी काही जणांना पडद्यावर अक्षर शोधायला दिले आणि त्याच वेळी एक आवाज ऐकवला. शोध सोपा असताना आवाज लक्षात आला. शोध अवघड झाल्यावर तो अनेकदा निसटला. कान ठणठणीत होते, पण मेंदूच्या श्रवणकेंद्राचा प्रतिसादच मंदावला होता. पाहणे आणि ऐकणे यांची लक्षाची शिदोरी एकच असते. डोळ्यांनी ती संपवली, की कानांना काही उरत नाही.

शत्रू हेरून नेम धरायला लावणारे गेमही डोळ्यांवर असाच ताण टाकतात. त्याचा फायदाही होतो. असा गेम दहा दिवस रोज तासभर खेळलेल्या नवख्यांची नजरेने टिपण्याची क्षमता वाढल्याचे २००३ मध्ये ‘नेचर’मधील एका अभ्यासात दिसले होते.

घरात हाक चुकली, तर जेवण गार होते. बाहेर मात्र जीव जाऊ शकतो. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रुळांजवळ पबजी खेळण्यात गुंतलेले दोन तरुण रेल्वेखाली सापडून दगावले. आपल्या शहरातही मुकुंदवाडी, शिवाजीनगर, संग्रामनगर भागांतून रेल्वेमार्ग जातो.

म्हणून लांबून ओरडू नका. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवा, नजरानजर झाली की बोला. कोणता डाव शेवटचा, हे आधीच ठरवा. रस्ता, रूळ आणि गच्चीचा कठडा येथे मोबाइल खिशात, हा नियम मोठ्यांनीही पाळावा.

हाक न ऐकणे म्हणजे व्यसन नव्हे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, असे साधारण वर्षभर चालले, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला विकार मानते. तशी शंका आली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.