ऐंशी लाख क्विंटलमधला एक दाणा

नळदुर्गच्या उपली बुरुजावर तळहात पसरून उभे राहा. दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन त्यातून आरपार जातो, कळतही नाही. हा इलेक्ट्रॉनचाच 207 पट जड भाऊ. सरासरी 2.2 मायक्रोसेकंदांत तो मोडतो. मागे इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो. म्यूऑनचा इलेक्ट्रॉन झाला, या घराणेबदलाचा हिशेब हे न्यूट्रिनोच चुकता करतात.

आता समजा, न्यूट्रिनो नाहीतच. निघाले फक्त इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण. रूढ सिद्धान्तात हे जवळजवळ अशक्य. सुपरसिमेट्री या कल्पनेत मात्र प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असतो. म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन यांचे जोडीदार आपसांत मिसळले, तर असा ‘आडवाटेचा’ क्षय मोजण्याइतका वाढू शकतो.

स्वित्झर्लंडमधला ‘मेग-2’ प्रयोग तोच शोधतोय. 2025 पर्यंत एकही पक्का सापडला नाही. म्हणजे घडत असेलच, तर साडेसहा लाख कोटी म्यूऑनांत फार तर एखादा! एक म्यूऑन म्हणजे सोयाबीनचा एक दाणा धरा. असे शंभर दाणे साधारण 12 ग्रॅम भरतात. त्या हिशेबाने ही रास सुमारे 80 लाख क्विंटलची, आणि तीत तुरीचा एखादाच दाणा. जोडीदारांच्या मिसळण्याचे कितीतरी सोयीचे अंदाज या रिकाम्या सुपानेच पाखडून टाकलेत.