हक्काची किंमत

'वॉरंट' हा शब्द कानी पडताच सामान्य माणसाला प्रथम पोलीस आठवतो. भांडवल-बाजारातील वॉरंट हे मात्र अटकेचे फर्मान नव्हे. ते एक हक्कपत्र आहे. ठराविक मुदतीत, आधीच ठरलेल्या भावाने, कंपनीचे नवे शेअर विकत घेण्याचा हक्क ते धारकाला देते. सक्ती करीत नाही. बाजारभाव ठरलेल्या भावाच्या वर गेला तर धारक हक्क बजावतो. खालीच राहिला तर मुदतीअंती तो कागद निरुपयोगी ठरतो. हक्क बजावीपर्यंत धारकास लाभांश नाही आणि सभेत मतही नाही.

कंपनीने असा हक्क कोणास का द्यावा? याचे उत्तर अमेरिकेतील क्रायस्लर या मोटार कंपनीच्या इतिहासात सापडते. १९७९ साली ही कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. तेव्हा अमेरिकन सरकार कायदा करून तिच्या दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जास जामीन राहिले. या जामीनकीच्या मोबदल्यात सरकारने दर शेअरास १३ डॉलर या भावाची १ कोटी ४४ लाख वॉरंटे घेतली. त्या वेळी शेअरचा बाजारभाव याहून पुष्कळ कमी होता. १९८३ पर्यंत कंपनी सावरली. तिने कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधीच फेडले आणि सरकारने वॉरंटांवरील हक्क सोडावा, अशी विनंती केली. सरकारने ती मानली नाही. लिलाव झाला आणि क्रायस्लरनेच ती वॉरंटे सुमारे ३१ कोटी १० लाख डॉलर देऊन सोडवून घेतली. बुडण्याचा धोका जनतेच्या तिजोरीने पत्करला होता; तरल्यावर लाभाचा वाटाही तिला मिळाला.

भारतात कंपन्या बहुधा प्रवर्तकांना किंवा निवडक गुंतवणूकदारांना अशी वॉरंटे देतात. सेबीच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत कंपनीच्या अशा वॉरंटांची मुदत १८ महिन्यांहून अधिक असू शकत नाही आणि किमान २५ टक्के रक्कम आगाऊ भरावी लागते. जमिनीच्या सौद्यातील इसारासारखीच ही रक्कम. हक्क बजावला नाही तर ती बुडते.

हक्क बजावला की नवे शेअर निर्माण होतात आणि जुन्या भागधारकाचा वाटा तेवढा घटतो. म्हणून असा ठराव सभेपुढे आला असता लहान भागधारकानेही विचारावे : वॉरंट कोणाला, कोणत्या भावाने, आणि घेणाऱ्याने त्याबद्दल कोणता धोका पत्करला?