न लिहिलेलं नाटक

कवठे महांकाळच्या शेजारी, तासगाव तालुक्यात, सावळज आहे. तमाशातला पहिला वग म्हणून ‘मोहना-बटाव’चं नाव घेतात. तो केला उमा-बाबू सावळजकरांनी, साल १८६५. त्याआधी फडावर गण, गवळण, लावण्या असत. वगानं त्याला सलग गोष्ट जोडून दिली. पण नवल पुढंच आहे. त्या गोष्टीतलं बोलणं कुणी लिहून काढलेलं नसे. कथा सगळ्यांना ठाऊक, गाणी पाठ, संवाद मात्र जाग्यावर सुचायचे. रात्रभर!

मग नाटक विस्कटत कसं नाही? कारण फडाला शिस्त असते. आधी गणात गणपतीला वंदन, मग गवळण, मग बतावणी, मग वग. हा क्रम ढोलकीवाल्यापासून झीलकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या अंगात भिनलेला असतो. गवळणीत कृष्ण मथुरेच्या बाजाराची वाट अडवणार, पेंद्या त्याला साथ देणार, मावशी गवळणींची बाजू लढवणार. शेवट काय होणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालासुद्धा माहीत असतं. म्हणूनच मधली जागा मोकळी राहते. कृष्णानं दान मागितलं की मावशीनं उत्तर दिलंच पाहिजे, तेही त्याच्याच शब्दाला धरून. समोरच्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही खरी अट. सोंगाड्यानं हवं तिकडं भटकावं, गावचा दुष्काळ, एस.टी., पुढाऱ्याचं आश्वासन सगळं बोलण्यात ओढावं. पण परत कथेच्या रस्त्यावर यावं. इटलीत सोळाव्या शतकात ‘कोमेदिया देल्लार्ते’चे नट असंच करत. ठरलेली पात्रं, कथेचा नुसता आराखडा, बाकी तोंडाची तयारी.

असं बोलता बोलता सोंग माणसाला किती चिकटतं, ते मिरज तालुक्यातल्या कवलापूरला पाहा. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात ते काळू आणि बाळू असे दोन हवालदार झाले. महाराष्ट्र पुढं त्यांना काळू-बाळू म्हणूनच ओळखू लागला. पात्राचं नाव माणसाला लागलं!

आणि सावळजच्या वगाआधी बावीस वर्षं, याच जिल्ह्यात, सांगलीला असाच खेळ झाला होता, फक्त राजवाड्यात. ५ नोव्हेंबर १८४३. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो तो याच तारखेला. सूत्रधार झांजेच्या तालावर पदं म्हणे. तो थांबला की पात्र पुढं येई आणि त्या पदाचा अर्थ धरून स्वतःच्या शब्दांत बोले. राक्षस आले की अशी आरोळी ठोकत, की त्या नाटकांना लोक ‘अललडुर्र’ म्हणू लागले. पदं भाव्यांची, बोलणं नटाचं, आणि दोघांना बांधणारा धागा सूत्रधाराच्या हातात. मला या व्यवस्थेचं फार कौतुक वाटतं. अमुक बोल असं कुणी सांगत नाही. कुठवर बोल एवढं ठरलेलं असतं, आणि तेवढ्यावर नट मोकळा होतो.

एकीकडं संस्थानिकांचा दरबार, दुसरीकडं गावकुसाबाहेरच्या कलावंतांचा फड. दोन्हीकडं तीच युक्ती सापडली. मान मात्र दोघांना सारखा मिळाला नाही, आणि हे मला खटकतं. वगाचे संवाद जाग्यावर रचणं ही पहिल्या प्रतीची बुद्धी आहे. तिला ‘नुसती करमणूक’ म्हणून बाजूला सारणं चूक आहे.

भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ साली छापला गेला, तो पदांचा. त्या पदांवर नट जे बोलले, ते त्या रात्रींबरोबरच गेलं. फड अजूनही जत्रांना येतात. तुमच्याकडं आला, तर एकच वग लागोपाठ दोन गावांत पाहा. गोष्ट तीच असेल. बोलणं नीट ऐका.