‘आम्ही लिमिटच्या खाली आहोत’: बर्फ कारखाना, कोल्ड स्टोरेज आणि अमोनियाचे नियम

केमिकल अपघातांच्या नियमांचा विषय काढला की छोट्या कारखानदारांकडून एक वाक्य हमखास येतं. “सर, ते मोठ्या कंपन्यांचं. आम्ही लिमिटच्या खाली आहोत.” व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट लिहितो. उदाहरण अमोनियाचं घेऊ, कारण बंदरावरचा बर्फाचा कारखाना, गावाकडचं कोल्ड स्टोरेज, दुधाचा प्लांट अशा सगळ्यांकडे तो असतो, आणि आपण ‘केमिकलवाले’ आहोत असं यातल्या कोणालाच वाटत नाही.

आधी नियम कुठून आला ते बघा. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळ झालं. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात यांचे नियम आले. या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात रसायनांची लांबलचक यादी आहे. अमोनिया त्यात आहे.

आता लिमिटचं. मर्यादा आहेत, हे खरं. दुसऱ्या परिशिष्टात नुसत्या साठवणुकीसाठी क्लोरीनला १० टन आणि अमोनियाला ६० टन अशी खालची मर्यादा दिली आहे. प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांसाठी तिसरं परिशिष्ट वेगळं. खालची मर्यादा ओलांडली की जागेची नोंद, अधिकृत ऑन-साइट आपत्कालीन आराखडा, दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल आणि आसपासच्या लोकांना माहिती हे सगळं लागू होतं. वरची मर्यादा ओलांडली की सेफ्टी रिपोर्ट आणि दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञाकडून ऑडिट. तुमच्या सिस्टिममध्ये दोन-चार टन अमोनिया असेल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण नियम ४ कोणी वाचतच नाही. यादीतलं रसायन तुमच्या कारखान्यातल्या कामात वापरात असेल, तर मोठ्या अपघाताचे धोके तुम्ही ओळखले आहेत, ते टाळायला आणि परिणाम मर्यादित ठेवायला पुरेशी पावलं उचलली आहेत, आणि कामगारांना माहिती, प्रशिक्षण, साधनं दिली आहेत, याचा पुरावा तुम्ही द्यायचा. ही जबाबदारी टनांवर ठरत नाही. आणि ‘पुरावा द्यायचा’ हे शब्द दोनदा वाचा. इन्स्पेक्टरने तुमची चूक शोधायची असं इथे नाही, तुम्ही काय केलंत ते तुम्ही दाखवायचं आहे.

शिवाय ‘मोठा अपघात’ म्हणजे काय, याची व्याख्या बघा. बरेच जण समजतात की दहा-वीस माणसं गेली तरच मोठा. तसं नाही. विषारी रसायनाची गळती होऊन कारखान्याच्या बाहेरचा एक माणूस जरी जखमी झाला, तरी तो व्याख्येत बसू शकतो. रस्त्यावरून जाणारा रिक्षावाला, शेजारच्या चाळीतली आजी, कोणीही. असा अपघात झाला तर ४८ तासांत संबंधित प्राधिकरणाला कळवायचं असतं. कारखान्यांच्या बाबतीत आपल्याकडे हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय बघतं.

मग छोट्या मालकाने करायचं काय? बाजारात तयार आराखडे मिळतात. कन्सल्टंट नाव बदलून प्रिंट देतो, स्पायरल बाइंडिंग करून कपाटात जातं. माझं स्पष्ट मत आहे की त्या फाइलपेक्षा तुमच्या ऑपरेटरने हाताने काढलेला चार पानांचा नकाशा जास्त कामाचा. फाइल लागतेच, पण ती त्या नकाशावरून बनली पाहिजे.

नकाशा काढायला ऑपरेटरसोबत प्लांटमध्ये एक फेरी मारा. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, रिसीव्हर, बर्फाची टाकी. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: “इथून गॅस सुटला तर तू कुठला व्हॉल्व्ह बंद करशील, आणि तिथपर्यंत पोहोचशील का?” व्हॉल्व्ह गळतीच्याच बाजूला असेल तर तो नसल्यासारखाच. गंजून घट्ट बसलेला व्हॉल्व्हही तसाच. रिसीव्हरचा मेन व्हॉल्व्ह शेवटचा कधी फिरवून बघितला, हे विचारा आणि चेहरा बघा.

या फेरीत सगळ्यात जास्त वेळ ऑइल काढायच्या जागेपाशी थांबा. कॉम्प्रेसरचं ऑइल अमोनियाबरोबर सिस्टिममध्ये फिरतं आणि खालच्या भागात साठतं, ते अधूनमधून काढावं लागतं. अमोनिया प्लांटमधलं हे सर्वांत धोक्याच्या रोजच्या कामांपैकी एक आहे. ऑइल घट्ट, थंड, हळूहळू येतं. माणूस व्हॉल्व्ह जरा जास्त उघडतो, ऑइल संपतं आणि मागून द्रव अमोनिया येतो. डोळे मिटतात, श्वास कोंडतो, व्हॉल्व्ह उघडाच राहतो. याला उपाय आहे: हात सोडला की स्प्रिंगने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह तिथे बसवा. मेन व्हॉल्व्ह आधीपासून आहे, त्याच्या पुढे हा. आणि नियम करा की ऑइल एकट्याने काढायचं नाही, उघडा सोडून चहाला जायचं नाही, तोंडावर मास्क असल्याशिवाय सुरुवातच करायची नाही. तुमच्या ‘धोका ओळखला, पाऊल उचललं’ या कागदावरची पहिली ओळ हीच असू द्या.

मास्कवरून आठवलं. कॅनिस्टरचा मास्क थोड्या गॅससाठी ठीक आहे, पण त्यावर एक्स्पायरी असते आणि तो अमोनियासाठीचाच लागतो. हवेत ३०० पीपीएमच्या वर अमोनिया गेला की तो जीवाला तात्काळ धोक्याचा धरतात. तिथे आत शिरायचं तर हवेची बाटली पाठीवर असलेला सेट हवा आणि तो घालायचा सराव हवा. तो तुमच्याकडे नसेल तर आराखड्यात स्पष्ट लिहा: आमची माणसं आत जाणार नाहीत, बाहेर पडतील आणि फायर ब्रिगेडला बोलावतील. असं लिहिण्यात कमीपणा नाही. सेट कपाटात कुलपात आणि चावी मालकाच्या घरी, हा प्रकार मात्र बंद करा.

अमोनियाबद्दल दोन गोष्टी कामगारांना पाठ पाहिजेत. एक, वायू हवेपेक्षा हलका असला तरी द्रव अमोनिया जोरात सुटला की थंडगार धुकं होऊन जमिनीलगत पसरतं, त्यामुळे ‘वर उडून जाईल’ यावर विसंबायचं नाही. दुसरी, पाण्याची. हवेतल्या गॅसवर पाण्याचा फवारा उपयोगी, कारण अमोनिया पाण्यात विरघळतो. पण जमिनीवर द्रव अमोनियाचं थारोळं झालं असेल तर त्यावर पाणी ओतायचं नाही. तो उणे ३३ अंशाला उकळणारा पदार्थ आहे. नळाचं पाणी त्याच्यासाठी चुलीवरच्या जाळासारखं, गॅस आणखी वेगाने सुटतो. आणि डोळ्यांत गेला तर किमान १५ मिनिटं धुवायचे. म्हणून प्लांटच्या दाराबाहेर चालू नळ पाहिजे.

बाहेर कुठल्या दिशेने पळायचं? छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लावा. किनाऱ्यावर दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि रात्री बहुतेक उलटा फिरतो, म्हणजे जमायची जागा एक नाही, दोन लागतात. रात्रपाळीचे दोघं कारखान्यातच झोपत असतील, तर त्यांची खोली रिसीव्हरच्या भिंतीला लागून आहे का, हेही त्याच नकाशावर दिसेल. दिसलं की खोली हलवा.

फोनची यादी भिंतीवर लावा आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर खरंच लावून बघा. एमआयडीसीत असाल तर तिथे परस्पर मदतीचा ‘मार्ग’ गट आहे का, विचारा. शेजाऱ्यांना सांगायचं की नाही? तुमच्या आकाराला त्याची सक्ती नसेल, तरी सांगा. “असा उग्र वास आला तर खिडक्या लावा आणि वाऱ्याला आडवे निघा” एवढं समोर बसून सांगितलं तर कोणी मोर्चा आणत नाही.

पैशाचं एक. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे; घातक पदार्थाचा साठा अधिसूचित प्रमाणाच्या वर गेला की विमा सक्तीचा, आणि बाहेरच्या माणसाला इजा झाली तर निष्काळजीपणा सिद्ध व्हायची वाट न बघता भरपाई द्यावी लागते. तुमचा साठा त्यात बसतो का, हे एजंटला लेखी विचारा.

हे सगळं कधी करायचं? बंदरावरच्या मंडळींना पावसाळ्यातली मासेमारी बंदी आयतीच मिळते. बर्फाला गिऱ्हाईक कमी, प्लांट थंडावलेला. व्हॉल्व्हचे ग्लँड, सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी, स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवणं, सगळं त्या काळात उरका. मग बोटी निघायच्या आधी, पूर्ण गॅंग कामावर आली की, न सांगता एकदा भोंगा वाजवा. घड्याळ लावा, किती मिनिटांत किती माणसं जमली ते वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि हाच प्रयोग एकदा रात्री दोन वाजता करा.