संगणक घेताना : गरज, ऐपत आणि पंचशील

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. मुलाला किंवा मुलीला संगणक घेऊन द्यायचा की नाही? द्यायचा तर नवा की जुना? रोखीने की हप्त्याने? दिघा-ऐरोलीपासून तुर्भे, नेरूळ, बेलापूरपर्यंत, झोपडपट्टीत, माथाडींच्या वसाहतीत, सिडकोच्या लहान घरांत, सगळीकडे यावर प्रत्येकाचे मत ठरलेले असते. विहारात वंदना आटोपली की पायऱ्यांवर हीच चर्चा, आणि नळावर बायकांमध्येही हीच.

एकजण म्हणतो, "मोबाइल आहे ना हातात, मग कशाला चाळीस हजार घालवायचे?" दुसरा म्हणतो, "शेजाऱ्याच्या पोराकडे आहे, आपल्या पोराने काय तोंड बघत बसायचे?" तिसऱ्याचे मत असे की, संगणक घ्यायचा तर महागातलाच घ्यावा, स्वस्तातले टिकत नाही. चौथा हळूच सांगतो, "माझ्या ओळखीचा पोऱ्या आहे, सगळे सॉफ्टवेअर फुकटात टाकून देतो." या चारही मतांत थोडे खरे आहे आणि बरेच अपुरे आहे. म्हणून या पानावर आम्ही हा विषय घेत आहोत.

हा प्रश्न आपल्याच गावात एवढा महत्त्वाचा का, ते आधी पाहू. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक आणि इतर कारखान्यांनी आपल्या अनेक कुटुंबांना भाकरी दिली. पुढे त्यातले कित्येक कारखाने बंद पडले. आज त्याच पट्ट्यात ऐरोलीचे माइंडस्पेस आणि महापेचे मिलेनियम बिझनेस पार्क आहे. वाशी रेल्वे स्थानकाच्या डोक्यावरही सिडकोने इन्फोटेक पार्क उभारले. काचेच्या या इमारतींत आपली माणसे रोज जातात. कोणी गेटवर सुरक्षारक्षक म्हणून उभा असतो, कोणी लादी पुसते, कोणी उपाहारगृहात भांडी घासते. त्या कामात कमीपणा नाही, कष्टाची भाकरी ती भाकरीच. पण आपल्या पुढच्या पिढीने गेटवर नोंदवही सांभाळावी की आत बसून काम करावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सर्वस्वी संगणकावर अवलंबून नाही, पण संगणकावाचून ते मिळणारही नाही.

आता पहिल्या मताकडे वळू. मोबाइल पुरतो का? व्हिडिओ पाहायला, निकाल बघायला, पैसे पाठवायला पुरतो. पण अर्ज लिहिणे, हिशेबाचा तक्ता करणे, प्रकल्पाची वही तयार करणे, टंकलेखनाचा वेग वाढवणे, प्रोग्रॅम लिहिणे, ही कामे कीबोर्डावरच शिकावी लागतात. मोबाइल आपल्याला ग्राहक करतो, संगणक कारागीर करू शकतो, एवढा हा फरक आहे. महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएलने एमएससीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हापासून कितीतरी कष्टकरी घरांतली मुलेमुली पहिल्यांदा संगणकासमोर बसली ती याच वर्गांत. टंकलेखनाची सरकारी परीक्षाही आता यंत्रावर नव्हे, संगणकावरच होते. लिपिकाच्या नोकरीची वाट तिथूनच जाते. म्हणून ज्या घरात मूल आठवीच्या पुढे शिकते आहे, त्या घराला संगणकाची गरज आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो नवाकोरा असला पाहिजे, असे मात्र मुळीच नाही.

खर्च इथेच वाढतो. दुकानदार सांगतो, जुने आता चालत नाही. त्याला निमित्तही मिळाले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा सेवा थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, निदान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण लागते. साधारण २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण वरच्या कंपनीच्या लेखी ते म्हातारे झाले. मग ते भंगारात द्यायचे का?

नाही. इथे लिनक्सचा विचार करावा. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली आणि १९९१ साली फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. या दोन्हींतून जी प्रणाली तयार झाली ती कोणालाही वापरता येते, तपासता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला वाटता येते. तिला 'मुक्त' म्हणतात ते एवढ्यासाठी. बहुधा ती मोफतही मिळते. लिनक्स मिंटसारखी प्रणाली जुन्या, ४ जीबी मेमरीच्या संगणकावर बऱ्यापैकी चालते. पत्रलेखन, तक्ते आणि सादरीकरण यांसाठी लिब्रेऑफिस आहे, आणि त्याचे मेनू मराठीतही करून घेता येतात. जुन्या संगणकात फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवली आणि थोडी मेमरी वाढवली, तर तो आणखी काही वर्षे सहज काम देतो.

"फुकट ते हलके" असे आपल्याकडे म्हणतात. पण केरळ राज्यातील सरकारी शाळांची मुले अनेक वर्षांपासून लिनक्सवरच शिकत आहेत. आपल्या पवईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमातून अशा सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही उपलब्ध केले आहेत. इंटरनेट चालवणाऱ्या मोठमोठ्या यंत्रांतही लिनक्सच असते. तेव्हा ते हलके नाही, फक्त त्याची जाहिरात नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एमएससीआयटीच्या वर्गात विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस शिकवतात. हिशेबनीसाला टॅली लागते, स्थापत्य आराखड्याला ऑटोकॅड लागते, आणि ही दोन्ही लिनक्सवर सरळ चालत नाहीत. ज्याला हेच शिकायचे आहे त्याने विंडोज घ्यावे. म्हणून आधी मुलाचा अभ्यासक्रम विचारा, मग प्रणाली ठरवा, आणि मग यंत्र घ्या. आपल्याकडे नेमके उलटे होते. आधी यंत्र येते, मग त्याचे काय करायचे ते ठरते.

आता त्या चौथ्या मताबद्दल, 'फुकटात टाकून देणाऱ्या' पोऱ्याबद्दल. चोरून नक्कल केलेले सॉफ्टवेअर वापरण्यात काय बिघडले, कंपनी तर कोट्यधीश आहे, असे पुष्कळजण म्हणतात. आपण दर पौर्णिमेला पंचशील घेतो. त्यातले दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. त्यात धनिकाचे घेतले तर चालेल, अशी सवलत नाही. कायदाही आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार नक्कल आहे हे ठाऊक असून सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्याचा लाभ नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावरही सोडू शकते. शील आणि कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार उरतोच. कुलूप तोडलेल्या अशा सॉफ्टवेअरबरोबर पुष्कळदा व्हायरस येतो, आणि बँकेचा पासवर्ड त्याच संगणकावर टाकला तर खाते रिकामे व्हायला वेळ लागत नाही. असे कधी झालेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

चोरी करण्याची गरजही नाही. टॅलीची शिकण्यापुरती मोफत पद्धत कंपनीनेच ठेवली आहे. ऑटोकॅड बनवणारी कंपनी विद्यार्थ्यांना मोफत परवाना देते. प्रोग्रॅमिंगच्या पायथॉन, सी, जावा या भाषा शिकायला एक पैसा पडत नाही. सरळ वाट असताना कुंपणावरून उडी का मारायची?

मराठीच्या बाबतीत एक गोष्ट तर आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याची आहे. जयंतीच्या स्मरणिका, भीमगीतांच्या पुस्तिका, मंडळांची इतिवृत्ते असे कितीतरी लेखन वर्षानुवर्षे जुन्या फॉन्टांत टाइप झाले. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की बाबासाहेबांचे नावसुद्धा वेड्यावाकड्या चिन्हांत दिसते. युनिकोड ही सर्व भाषांसाठीची एकच संकेतपद्धती १९९१ पासून आहे, आणि तिच्यात टाइप केलेले मराठी कोणत्याही यंत्रावर, मोबाइलवरही वाचता येते. मुलांना युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट कळफलक शिकवा. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले, ते आपले म्हणणे आपल्या साधनाने मांडता यावे म्हणून. ज्याचे लेखन दहा वर्षांनी कोणालाच उघडता येत नाही, तो बोलूनही मुकाच राहिला म्हणायचा. घरात जुन्या फॉन्टातल्या फाइली असतील तर आजच त्या बदलून घ्या.

आता हप्त्याचा हिशेब मांडू. दुकानावर पाटी असते 'शून्य टक्के व्याज'. समजा, लॅपटॉपची किंमत ४०,००० रुपये आहे. रोख घेतला तर दुकानदार ३,००० सोडतो, म्हणजे खरी किंमत ३७,००० झाली. हप्त्यावर ही सूट नाही, वर १,००० रुपये प्रोसेसिंग फी आधीच भरायची. म्हणजे तुम्हाला खरे कर्ज मिळाले ३६,००० चे, आणि बारा महिन्यांत फेडायचे ४०,०००. वर्षाला हा दर सुमारे २० टक्के पडतो! सावकाराने कोट घातला एवढेच. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच या 'शून्य टक्के' प्रकारावर बोट ठेवून बँकांना ताकीद दिली होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने सर्व शुल्कांसह वार्षिक खरा दर लिहिलेले एक पत्रक सहीपूर्वी दिलेच पाहिजे असा नियम आहे. ते मागा, वाचा, आणि समजले नाही तर घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. सहीची घाई दुकानदाराला असते, आपल्याला नसते.

जुना संगणक घेणेही वाईट नाही. मुंबईत ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडला त्याचा मोठा बाजार आहे. पण बिल घ्या आणि यंत्रावरचा क्रमांक बिलावर लिहून घ्या. बिनबिलाचा माल चोरीचा असू शकतो, आणि दुसरे शील तिथेही लागू आहे. बॅटरी, पडदा, कीबोर्डाचे प्रत्येक बटण समोर तपासा. वॉरंटी लेखी घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

खर्चाबद्दल तथागतांनी गृहस्थाला जे सांगितले ते आजही ताजे आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला, आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवायचा. महिन्याच्या पंचवीस तारखेलाच डबा रिकामा होणाऱ्या घराला हे प्रमाण तंतोतंत जमणार नाही, हे आम्हालाही कळते. पण त्यातला क्रम पाहा. मोठा वाटा कमाई वाढवणाऱ्या कामाला आहे, मिरवण्याला नाही. मुलाच्या अभ्यासाचा संगणक त्या दोन भागांत बसतो. गेम खेळण्यासाठी घेतलेला महागडा संगणक उपभोगाच्या एका भागात बसतो, आणि दर दोन वर्षांनी बदललेला मोबाइलही तिथेच. व्याघ्रपज्ज सुत्तात तर आवक-जावक तराजूसारखी तोलायला सांगून, ऐपतीबाहेर खर्च करणाऱ्याला उंबर खाणाऱ्याची उपमा दिली आहे. थोडी फळे खायची म्हणून सगळे झाड हलवायचे, आणि उरलेली मातीत घालायची. आपल्या हप्त्यांकडे बघा, किती उंबरे मातीत पडलेली दिसतात!

याचा अर्थ कद्रू व्हा असा नाही. त्याच सुत्तात पैसा असून हाल काढणाऱ्यालाही दोष दिला आहे. बाबासाहेबांनी पुस्तकांवर हात आखडला नाही, राजगृह बांधताना ग्रंथांसाठी जागा ठेवली. ज्ञानावरचा खर्च हा खर्च नसून पेरणी आहे.

एक गोष्ट भगिनींसाठी, आणि त्याहून अधिक त्यांच्या वडिलांसाठी. संगणक घरात आला की तो मुलाचा होतो, आणि मुलगी तो पुसून ठेवते. असे करू नका. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. वेळेचे दोन सारखे भाग करा, आणि भिंतीवर वेळापत्रक लावा. आईनेही रोज अर्धा तास बसावे. शाळेचा अर्ज, विजेचे बिल, रुग्णालयाची नोंदणी, हे सगळे आता संगणकावर आहे. त्यासाठी दर वेळी दुकानात पैसे का मोजायचे?

ज्या घराला जुना संगणकही परवडत नाही, त्याने काय करायचे? इथे समाजाने उभे राहायला हवे. जयंतीला आपण डीजेच्या भिंती उभारतो. त्यातला एक दिवसाचा आवाज कमी केला तर विहारात दोन जुने संगणक आणि एक प्रिंटर सहज येईल. लिनक्स टाकायला पैसे पडत नाहीत. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी आळीपाळीने रविवारी दोन तास शिकवावे. दान म्हणजे फक्त पैसा नव्हे, शिकलेले दुसऱ्याला देणे हेही दानच आहे, आणि ते दिल्याने कमी होत नाही.

तेव्हा या सुट्टीत घरातल्या सर्वांनी एकत्र बसून कागद-पेन घ्यावे. मुलाचा आणि मुलीचा अभ्यासक्रम लिहावा, त्याला लागणारे सॉफ्टवेअर लिहावे, रोख किती आहे ते लिहावे, आणि मगच दुकानाची पायरी चढावी. आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत विहारातल्या संगणकाचा विषय मांडावा. काचेच्या इमारतीचे दार आपल्या लेकरांसाठी उघडायचे तर त्याची सुरुवात इथूनच करावी लागेल.

जयभीम!