टर्बाइनच्या मोटारी : प्रयोग संपला, मागे काय उरले?

पापडीहून वसई रोड स्टेशनला जाणारी रिक्षा वाटेत किती वेळा थांबते, हे तुम्ही कधी मोजले आहे का? नाका आला की थांबायचे, समोरून बस आली की वेग कमी करायचा, रस्ता मोकळा दिसला की पुन्हा पुढे जायचे. याउलट आकाशातून दूरच्या प्रवासाला निघालेले विमान एकदा ठरावीक उंचीवर पोहोचले, की तासन् तास जवळजवळ एकाच वेगाने उडत राहते. दोन इंजिनांच्या कामातील हा फरक लक्षात ठेवा. मोटारीला विमानासारखे टर्बाइन इंजिन बसवण्याचे प्रयोग का झाले आणि ते मागे का पडले, याचे बरेचसे उत्तर या फरकात आहे.

टर्बाइन चालते कसे?

नेहमीच्या पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये दट्ट्या वरखाली होतो. हवा व इंधन आत ओढणे, ते दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे एकाच जागी, एकामागून एक होतात. टर्बाइन इंजिनात हीच कामे एकाच वेळी, पण वेगवेगळ्या जागी चालू असतात. पुढचा संपीडक म्हणजे पात्यांचा पंखा बाहेरची हवा ओढून दाबतो. दाबलेली हवा ज्वलनकक्षात जाते. तेथे इंधन सतत जळत असते. तापून प्रसरण पावलेला वायू जोराने बाहेर पडताना टर्बाइनच्या चाकाची पाती फिरवतो. या चाकाच्याच आसावर संपीडक बसवलेला असल्याने तोही फिरत राहतो. उरलेल्या ऊर्जेवर दुसरे, स्वतंत्र टर्बाइनचे चाक फिरते आणि ते गाडीची चाके फिरवते.

येथे वरखाली हिसके देणारा एकही दट्ट्या नाही. त्यामुळे थरथर फार कमी होते. फिरणारे भाग थोडे, म्हणून झीजही कमी. शिवाय इंधनाचे फारसे सोवळे नाही. डिझेल, रॉकेल, इतकेच काय, वनस्पती तेलही चालते.

रोव्हरपासून क्रायस्लरपर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जेट विमाने आकाशात दिसू लागली. तेव्हा हे इंजिन रस्त्यावर का आणू नये, असे अभियंत्यांना वाटले. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने 1950 मध्ये ‘जेट १’ ही टर्बाइनवर चालणारी जगातील पहिली मोटार लोकांसमोर आणली. 1952 मध्ये बेल्जियममधील जाबेके येथे तिने ताशी सुमारे 245 किलोमीटर वेग गाठला. त्यानंतर अमेरिकेत जनरल मोटर्सने, इटलीत फियाटने आणि फ्रान्समध्ये रेनॉने असेच प्रयोग केले.

सर्वांत धाडसी प्रयोग मात्र क्रायस्लर या अमेरिकन कंपनीचा. तिने 50 टर्बाइन मोटारी 1963 ते 1966 या काळात साध्या नागरिकांच्या हाती दिल्या. निवडलेल्या 203 जणांनी प्रत्येकी तीन महिने गाडी वापरायची, इंधनाचा खर्च करायचा आणि आपले अनुभव सांगायचे, अशी ही योजना होती. गाडीचे सांगाडे इटलीतील घिया कारखान्यात बनले होते. इंजिन 130 अश्वशक्तीचे होते. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी तर टकीला हे मद्य इंधन म्हणून वापरून गाडी चालवून पाहिली!

अडचण कोठे आली?

गाडी थरथरत नाही, म्हणून लोक खूश झाले. पण सिग्नल सुटल्यावर पॅडल दाबले, तरी गाडी सेकंद-दीड सेकंद उशिरा उचल खाई. त्याचे कारण असे. गाडी उभी असली, तरी आतले संपीडकाचे चाक मिनिटाला सुमारे 20,000 फेरे घेत असते. जोर हवा असेल, तर त्याला आधी 40,000 च्या पुढे न्यावे लागते. इतक्या वेगाने फिरणाऱ्या चाकाचा वेग वाढायला वेळ हा लागतोच.

इंधनाची तक्रार याहून गंभीर होती. टर्बाइनच्या चाकाला मिळणाऱ्या शक्तीचा मोठा वाटा हवा दाबण्यातच खर्च होतो. पूर्ण भारावर हे परवडते. पण नाक्यावर गाडी उभी असतानाही हवा दाबण्याचे काम थांबत नाही, आणि त्याबरोबर इंधनही जळत राहते. धुराबरोबर वाया जाणारी उष्णता परत मिळवण्यासाठी क्रायस्लरने फिरते उष्णता-विनिमयक बसवले. त्याने खर्च बराच कमी झाला, पण शहरातील थांबत-थांबत चालण्यावर ते पुरेसे औषध नव्हते. त्यात भर म्हणजे अतिउष्णता सोसणारे मिश्रधातू महाग होते. पुढे धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर कडक मर्यादा आल्या, तेव्हा अडचण आणखी वाढली.

यावरून टर्बाइन वाईट, असे मात्र म्हणता येणार नाही. जेथे भार मोठा आणि बराच काळ टिकणारा असतो, तेथे ते उत्तम काम करते. आपल्याच महाराष्ट्रात उरण येथे 1982 पासून वायू-टर्बाइनवर वीज तयार होते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि 2014 मध्ये नौदलात दाखल झालेली ‘कोलकाता’ ही विनाशिकाही वायू-टर्बाइनवरच धावते.

मुंबईचा धागा

रोव्हर हे नाव आज जग्वार लँड रोव्हर या कंपनीकडे आहे, आणि ती कंपनी 2008 मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली. याच जग्वारने 2010 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ‘सी-एक्स 75’ ही प्रायोगिक मोटार मांडली. तिच्यात प्रत्येकी 70 किलोवॉटची दोन छोटी टर्बाइने होती. त्यांनी चाके फिरवायची नव्हती. एका सोयीच्या वेगाने फिरून वीज तयार करायची आणि चाके विजेच्या मोटरींनी फिरवायची, अशी कल्पना होती. जुन्या दोषावरचा हा नेमका उपाय होता. पण पुढे चाचणीच्या गाड्यांत लहानसे पेट्रोल इंजिनच बसवले गेले आणि 2012 च्या डिसेंबरमध्ये हा प्रकल्प रद्द झाला.

कागद का जपायचे?

क्रायस्लरने चाचणी संपल्यावर आपल्या बहुतेक टर्बाइन मोटारी नष्ट केल्या. सांगाड्यांवरील आयात कर हे त्याचे एक कारण सांगितले जाते. नमुन्याच्या गाड्या धरून एकूण 55 पैकी 9 उरल्या, त्याही बहुतेक संग्रहालयांत आहेत. मग बाकीच्या प्रयोगाची माहिती कोठून मिळते? चालकांना दिलेली मार्गदर्शक पुस्तिका, माहितीपत्रके, छायाचित्रे, 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील छापील कागद, जो-हॅन कंपनीने विकलेली प्लॅस्टिकची छोटी प्रतिकृती, अशा वस्तूंतून. लोकांनी हौसेने जमवलेल्या या वस्तू आज इतिहासाचा पुरावा ठरल्या आहेत.

आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 च्या सुमारास ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि 1970 च्या दशकापर्यंत तिच्यात सुधारणा केल्या. तिचे मोठे उत्पादन कधीच झाले नाही. आज तिची ओळख होते, ती मुख्यतः जुन्या छायाचित्रांमुळे. यशस्वी यंत्र हजारो प्रतींच्या रूपाने टिकते. फसलेल्या प्रयोगाला मात्र कागदाचाच आधार असतो. आणि पुढच्या अभियंत्याला तीच चूक टाळायची असेल, तर फसलेल्या प्रयोगाची नोंदच जास्त उपयोगी पडते.

तुम्हीही असा संग्रह करू शकाल. घरातील जुन्या स्कूटरची पुस्तिका, बंद झालेल्या गाडीची जाहिरात, गॅरेजमधील सुट्या भागांची यादी यांपासून सुरुवात करा. प्रत्येक वस्तूबरोबर वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि ती कोणाकडून मिळाली, हे लिहा. नोंद नसलेल्या वस्तूचे मोल निम्म्याने कमी होते. कागदाला चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळा डाग पाडते. वसईच्या दमट, खाऱ्या हवेत कागदाला बुरशी आणि कसर लवकर लागते. म्हणून पावसाळ्यात पेटी भिंतीपासून दूर, उंचावर ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कोरड्या दिवशी कागद सावलीत उघडून पाहा. शिक्षकांनी मनावर घेतले, तर शाळेच्या प्रयोगशाळेतील एक कपाट यासाठी सहज पुरेल.